उत्तर न आल्यास सहमत

नोकरी सोडणे ही एका दिवसाची गोष्ट आहे. नोकरी सोडण्याचा विचार मात्र माणसाला जन्मभर पुरतो. सोडली तर माणूस घरी बसतो, सोडायचा विचार करत राहिला तर कामावर टिकतो. ज्या संस्थांना हे लवकर उमगले त्या मोठ्या झाल्या. या कथेतली ऑडिट पेढी फार मोठी होती.

पेढीचे काम दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचे. लोकांनी वर्षभर काहीबाही बनवावे, विकावे, ठरवावे. वर्ष सरले की पेढीच्या माणसांनी जाऊन ते सगळे कागदावर नीट उतरले आहे की नाही ते पाहावे आणि हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करावी. 'वरातीमागून घोडे' असे लोक चेष्टेने म्हणतात. पेढीचा तो व्यवसाय होता, आणि त्या घोड्यांना परीक्षा देऊन यावे लागे. परीक्षा अवघड असे. (ती पास झालेल्याला पुढे आयुष्यात काही बनवता येत नाही असे आढळले आहे, पण दोन्हींचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही.)

पेढीत दर दहांपैकी नऊ माणसे पेढी सोडण्याच्या तयारीत असत. दहावे त्याच आठवड्यात रुजू झालेले असे. कुणी सिमेंटच्या धंद्यात जाणार होते, कुणी इस्पितळात, कुणी विमान कंपनीत. एकजण तर मधमाश्या पाळणार होता आणि त्यासाठी त्याने जाळीची टोपीही घेऊन ठेवली होती. सगळे जाणार होते ते हंगाम संपला की. हंगाम म्हणजे ऑडिटचा हंगाम. एक हंगाम संपणे आणि दुसरा सुरू होणे यांच्यामध्ये थोडा मोकळा काळ असतो असे जुनी माणसे सांगत. एका ज्येष्ठाला तो आठवतही होता. एका मंगळवारी दुपारी तो आला होता आणि दाढ काढून घेण्यात गेला.

पेढीची याला मुळीच हरकत नव्हती. उलट मोठे साहेब दरवर्षी सगळ्यांना बोलावून सांगत, की माणसाकडे बाहेर पडण्याची योजना असली पाहिजे. योजना असलेला माणूस शांत चित्ताने काम करतो. हे खरेच होते. कैद्याला खिडकी असली की तो भिंती खरवडत नाही, हे तुरुंग बांधणाऱ्यांनाही ठाऊक असते.

या सगळ्यांत ज्यांची योजना सर्वांत पक्की मानली जाई, ते म्हणजे अधीनराव.

हे त्यांचे नाव नव्हे. ऑडिटचा अहवाल लिहिताना, हिशेब बरोबर आहेत असे कुणी एकदम म्हणत नाही. 'खालील निरीक्षणांच्या अधीन राहून बरोबर आहेत' असे म्हणायचे असते. म्हणजे उद्या काही निघालेच तर आपण म्हणालोच होतो, आणि नाही निघाले तरी आपण म्हणालोच होतो. इतरांची ही भाषा कचेरीचा जिना उतरताना गळून पडे. अधीनरावांची पडत नसे. चहा कसा झालाय असे विचारले, तर ते म्हणत, "चांगला आहे, साखरेच्या अधीन राहून." त्यांच्या बायकोने, म्हणजे तेव्हा पेढीत शेजारच्याच टेबलावर बसणाऱ्या मुलीने, लग्नाचे स्वतः होऊन विचारले होते. अधीनराव म्हणाले होते, की त्यांना ती पसंत आहे, घरच्यांच्या मताच्या अधीन राहून. ती म्हणाली, "मी घरच्यांना विचारलेलं नाही." लग्न झाले. ते वाक्य मात्र तिने जपून ठेवले आणि वर्षातून दोनदा, भांडणाच्या वेळी, उन्हाला दाखवावे तसे बाहेर काढले.

ही बायको म्हणजे पेढीच्या इतिहासातली एक न सुटलेली नोंद होती. त्या दोघांची मुलगी लहान असताना, भर हंगामात, जेवणाच्या सुट्टीनंतर ती उठली, कंटाळा आला म्हणाली, आपली हिरवी पेन्सिल मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेली. योजना नाही, तयारी नाही, निरोप समारंभसुद्धा नाही. तिच्या कागदांवर अजून लिहिलेले आहे: 'कारण: कंटाळा. (पुरावा उपलब्ध नाही.)' त्यानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी ती मागच्या गल्लीतल्या बालवाडीचे हिशेब बघायला लागली. चार वाजता घरी येई. पेढीतल्या लोकांना तिची फार कीव येई.

आता अधीनरावांच्या मनाचे. ते सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

पेढीच्या ग्राहकांत एक बिजागऱ्यांचा कारखाना होता. दारांच्या, खिडक्यांच्या, पेट्यांच्या, कपाटांच्या बिजागऱ्या. वर्षअखेरीस तिथला माल मोजायला अधीनराव जात. सगळा माल मोजत नाहीत. चार खोकी इथली, चार तिथली उघडून पाहायची आणि बाकीच्यांबद्दल चांगले मत करून घ्यायचे. एका वर्षी ते खोकी उघडत असताना मागे यंत्र चालू होते. पत्र्याची पट्टी आत जायची, वाकायची, तिच्यात सळई बसायची, आणि खाली टोपलीत बिजागरी पडायची. खण्ण. पुन्हा खण्ण. अधीनराव खोके हातात धरून तसेच उभे राहिले. जी वस्तू क्षणापूर्वी नव्हती ती आता होती, आणि कुणीही तिच्यावर खूण केलेली नव्हती. कारखान्याच्या मालकाने त्यांना टोपलीतली एक उचलून दिली. किंचित वाकडी होती, विकायच्या कामाची नव्हती. अधीनरावांनी ती खिशात घातली. (ग्राहकाकडून भेटवस्तू स्वीकारल्याबद्दल त्यांनी दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज भरला. वस्तूची किंमत: शून्य. कारण: सदोष.)

तेव्हापासून ती बिजागरी त्यांच्या खिशात असे. हंगामात लोक वैतागून सिगारेट ओढायला गच्चीवर जात. अधीनराव टेबलाखाली बिजागरी उघडत आणि मिटत. आणि तेव्हापासून त्यांच्या योजनेत 'अन्य उद्योग' या शब्दांच्या जागी 'बिजागऱ्या' असे आले होते.

योजना चांगली जाडजूड होती. तिच्यात बाहेर पडण्याची उद्दिष्टे होती, धोके होते, धोक्यांवरचे उपाय होते आणि उपायांपासून संभवणारे धोके होते. 'आपल्या अंगची कौशल्ये' या भागात अधीनरावांनी प्रामाणिकपणे लिहिले होते: दुसऱ्याचे चुकलेले दिसणे, चुकलेले दिसूनही सभ्यपणे बोलणे, जेवण विसरणे. 'नव्या धंद्यात कमी पडतील अशा गोष्टी' या भागात एकच ओळ होती: ठरवणे. तिच्यापुढे 'उपाय: अभ्यास चालू' असे लिहिले होते. दरवर्षी नवी योजना करायची तर वेळ कुठून आणायचा, म्हणून पेढीच्या पद्धतीप्रमाणे मागच्याच योजनेवर तारीख बदलून 'मागील वर्षीप्रमाणे' असा शेरा मारला जाई. असे बरीच वर्षे चालले होते. 'मुलीला दात येत असल्याने यंदा शक्य नाही' हे कारण योजनेत अजून होते. मुलीच्या पुढच्या दातांना आता तार बसवलेली होती.

अशी सगळी घडी बसलेली असताना एक अडचण उभी राहिली. कारखानदाराने त्यांना नोकरी देऊ केली.

कारखानदार कमी बोलणारा माणूस. बोलण्याआधी फडक्याला हात पुसायची त्याला सवय होती, त्यामुळे निम्मे बोलणे पुसण्यातच जाई. त्याचे हिशेब बघणारे वृद्ध गृहस्थ आता लेकीकडे राहायला जाणार होते. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने अधीनरावांना यंत्रापाशी गाठले.

"खुर्ची रिकामी होतेय. याल?"

"तत्त्वतः हो," अधीनराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ही उडीच होती.

"तत्त्वतः म्हणजे कुठल्या तारखेला?"

अधीनराव म्हणाले, हंगाम संपला की. कारखानदाराने हात पुसले. त्याने सांगितले, की हंगाम संपेपर्यंत तो थांबेल. त्यानंतर मात्र पहिला जो सरळ हो म्हणेल त्याला बसवेल. "खुर्ची रिकामी ठेवली की लोक तिच्यावर खोकी ठेवायला लागतात, साहेब. मग ती खुर्ची राहत नाही."

त्या दिवशी अधीनराव घरी आले ते शीळ घालत. मुलीने आईला विचारले, की बाबांना बरे नाही का.

आता उतावळा माणूस असता तर त्याने राजीनामा लिहिला असता. अधीनरावांनी आधी पुरावा गोळा करायला घेतला. आपण बिजागऱ्यांच्या धंद्याला लायक आहोत, हे आपणच म्हणून कसे चालेल? ऑडिटमध्ये एखाद्याने सांगितले की अमक्याकडून माझे इतके येणे आहे, तर त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. त्या अमक्याला परस्पर पत्र पाठवून विचारतात. त्याला खातरजमेचे पत्र म्हणतात. त्याचाही एक सोपा प्रकार आहे. पत्राच्या शेवटी लिहायचे, की उत्तर न आल्यास आपण सहमत आहात असे धरले जाईल. जगातले बहुतेक लोक पत्रांना उत्तर देत नाहीत. त्यामुळे जगातले बहुतेक लोक सहमत आहेत, आणि जग सुरळीत चालले आहे.

अधीनरावांनी अशी पत्रे तयार केली आणि जवळच्या माणसांना पाठवली. बायकोलाही पोस्टानेच पाठवले, कारण हातात दिले असते तर पुराव्याला बाधा आली असती. मजकूर असा होता:

'आमच्या नोंदीनुसार अधोस्वाक्षरीकर्ता कष्टाळू आहे, सुट्टीच्या दिवशी घरी असतो, आणि वेळप्रसंगी स्वतः निर्णय घेऊ शकतो. यांपैकी काही आपणास मान्य नसल्यास कळवावे. उत्तर न आल्यास आपण सहमत आहात असे धरले जाईल.'

मेहुण्याने न वाचताच सगळीकडे 'सहमत' लिहिले आणि आपल्या बायकोच्या वतीनेही सही केली. (तो जाहिरातीच्या धंद्यात आहे.) मुलीने सुट्टीच्या दिवसाबद्दल असहमती कळवली, नमुन्यादाखल मागचे तीन रविवार तपासले असता त्यांपैकी एकाही रविवारी बाबा आढळले नाहीत, असे तिने वहीच्या पानावर लिहून दिले. अधीनरावांना वाईट वाटले, पण नमुन्याची निवड योग्य होती हे त्यांनी मान्य केले. पोरीच्या अंगात बापाचे रक्त होते.

बायकोने उत्तर दिले नाही. तिने ते पत्र दुधाच्या पातेल्याखाली ठेवले, कारण पातेले ओट्यावर डुगडुगत होते. निर्णय घेण्याबद्दलच्या ओळीला तिची सहमती आहे, असे अधीनरावांनी नियमाप्रमाणे धरले. एवढा कच्चा पुरावा त्यांनी सबंध नोकरीत कधी स्वीकारला नव्हता, हे त्यांचे त्यांनाही आतून ठाऊक होते. पण खूण केली.

हंगाम संपत आला. पेढीत लोक पुढच्या हंगामाचे वेळापत्रक लावू लागले. कारखानदाराला जाऊन 'येतो' एवढे म्हणायचे राहिले होते. कारखाना बसने अर्ध्या तासावर होता. अधीनराव रोज सकाळी त्या बसच्या थांब्यावर उभे राहत, बस येई, आणि तिच्या नंबराची पाटी नीट वाचून ते तिला जाऊ देत. खिशातली बिजागरी आताशा इतक्यांदा उघडली-मिटली जाई, की तिचा वाकडेपणा थोडा कमी झाला होता.

अडचण एकच होती. धोक्यांचा भाग पुरा व्हायचा होता. बिजागऱ्यांची जागा उद्या दुसऱ्या कशाने घेतली तर? दारेच राहिली नाहीत तर? शेवटी अधीनरावांनी तोडगा काढला. तसा तोडगा त्यांच्या पेशातल्या माणसालाच सुचू शकतो. त्यांनी कारखानदाराला पत्र पाठवले: प्रस्ताव स्वीकारण्याचा अधोस्वाक्षरीकर्त्याचा पूर्ण मानस आहे; तपासणी पूर्ण होण्यास आणखी एक हंगाम लागेल; तोवर थांबण्यास आपली हरकत असल्यास कळवावे. उत्तर न आल्यास आपण सहमत आहात असे धरले जाईल.

उत्तर आले नाही. अधीनरावांच्या छातीवरचा दगड उतरला. जेवताना त्यांनी घरात सांगून टाकले, की कारखानदार थांबायला तयार आहे.

"काय म्हणाले?" बायकोने विचारले.

"काहीच नाही म्हणाले."

"मग?"

"तेच."

बायकोने मुलीला मीठ पुढे करायला सांगितले. अधीनरावांना मीठ नको होते, पण त्यांनी घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने बालवाडीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि त्याच बसने कारखान्यात गेली. ती गेली ती नवऱ्यासाठी रदबदली करायला, हे इथे स्पष्ट करायला हवे. पुढे लोकांनी नाना तर्क केले. रात्री झोपेतसुद्धा या माणसाचा हात बिजागरी उघडल्यासारखा हलतो, हे तिने पाहिले होते. ती जागा त्याला मिळावी असे तिला अगदी मनापासून वाटत होते.

कारखानदार म्हणाला, हो, पत्र आले होते. पाकीट खिडकीत होते, त्यात कुणीतरी स्क्रू भरून ठेवले होते. पत्र कुठे आहे ते त्याला सांगता आले नाही. तो इतकेच म्हणाला, की खुर्चीवर कालच एक खोके आले. आज तिचे यजमान सरळ हो म्हणाले तर तो खोके उचलेल.

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"अहो, हे समोर उभे आहेत. हो की नाही, एवढंच विचारतायत."

"हो," अधीनराव म्हणाले. आणि मग, एवढ्या वर्षांच्या सवयीने, "पण..."

"पण नको. नुसतं हो म्हणा. मी फोन त्यांच्या कानाला लावते."

तिने तो लावला. कारखानदाराने तो नीट ऐकला. पलीकडून अधीनराव म्हणत होते, की त्यांचा तत्त्वतः होकारच आहे, पुढील निरीक्षणांच्या अधीन राहून. कारखानदाराने फोन परत दिला, हात पुसले आणि तिला विचारले, "तुम्ही काय करता?"

"हिशेब. आधी यांच्याच पेढीत होते."

"का सोडलंत?"

"कंटाळा आला."

कारखानदाराला हे कारण पुरेसे वाटले. त्याने खुर्चीवरचे खोके उचलून खाली ठेवले. "याल?"

तिने खुर्चीकडे पाहिले. मग यंत्राकडे. ते चालू होते. खण्ण.

"येते," ती म्हणाली. "पण उद्यापासून. आज डबा आणलेला नाही."

घरी आल्यावर तिने हे सगळे जसेच्या तसे सांगितले, मीठमसाला न लावता. अधीनराव ऐकत होते. त्यांचा चेहरा, वर्षभर राखलेली शिल्लक एकाएकी दुसऱ्याच्या पानावर दिसावी, तसा झाला होता. खिशात हात होता, पण हालचाल नव्हती. मुलगी आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"राग आला का?" बायकोने विचारले.

ते बोलले नाहीत.

"उद्या नाही जात मी. तुम्ही सांगा फक्त."

ते तरीही बोलले नाहीत. बायको थांबली. घड्याळाकडे न बघता, पण चांगली थांबली. मग उठून डब्याचे झाकण शोधता शोधता म्हणाली, "ठीक आहे. उत्तर न आल्यास सहमत धरते."

इथे अधीनरावांच्या योजनेचा कस लागला. तिच्यात धंदा बुडण्याची तरतूद होती, तब्येत बिघडण्याची होती, दारे नाहीशी होण्याचीही होती. बायकोने जागा घेण्याची नव्हती. आणि खरा प्रश्न तर पुढेच होता. ज्याचे हिशेब पेढी तपासते त्याच्याकडे हिशेब लिहिणारी व्यक्ती जर तपासणाऱ्याची बायको असेल, तर त्या तपासणीला जग हसेल. पेढीत यासाठी निःपक्षपात समिती होती. कुणी सांगितले नसते तर समितीला वर्षभर कळले नसते. अधीनरावांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः अर्ज भरला. प्रामाणिक माणूस स्वतःसाठी खड्डा खणतो तोही मापात.

अर्जात पर्याय छापलेले होते. ग्राहक सोडणे. नातेवाइकाने नोकरी सोडणे. नाते संपुष्टात आणणे (लागू असल्यास पुरावा जोडावा). कर्मचाऱ्याने पेढी सोडणे. समितीने चारही पर्यायांचा साधकबाधक विचार केला. बिजागरी कारखाना तीन पिढ्या पेढीचा ग्राहक होता. अधीनराव एकाच पिढीतले होते.

मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतले. साहेब हळवे झाले होते. ते म्हणाले, की मुद्दाम योजना आखून कुणी पेढीतून बाहेर पडल्याचे त्यांनी आजवर पाहिले नव्हते, अधीनराव पहिलेच. अधीनरावांनी सांगायचा प्रयत्न केला, की हे योजनेप्रमाणे झालेले नाही. साहेब म्हणाले, विनय पुरे. मग त्यांनी खालचा खण ओढून स्वतःची फाइल काढून दाखवली. चांगली उशीएवढी होती. त्यांना बागकामात शिरायचे होते. "हंगाम संपला की," ते म्हणाले. खणात फाइलच्या मागे बियांची पाकिटे होती. त्यांतल्या बऱ्याच बिया मालकाची वाट बघून तिथेच उगवून, वाळून गेल्या होत्या.

निघताना साहेबांनी एक विनंती केली. अधीनरावांची योजना त्यांनी पेढीतच ठेवून जावी. पेढी तिचा नमुना म्हणून वापर करील. आज तिथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच आठवड्यात मिळते आणि तो वर आपले नाव घालून खाली लिहितो: मागील वर्षीप्रमाणे. कितीतरी माणसे अजून तिच्यातल्या मुलीला दात येण्याची वाट बघत आहेत. त्यांतल्या काहींची लग्ने व्हायची आहेत.

अशा रीतीने अधीनराव घरी बसले. पहिल्याच संध्याकाळी दारात बालवाडीच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांना बसायला वेळ नव्हता. अधीनरावांच्या बायकोने अचानक जागा सोडली, चांगलेच झाले तिचे, पण इथे फीच्या पावत्या कोण लिहिणार आणि खडू कोण आणणार? त्यांनी चपला न काढताच विचारले, "उद्यापासून येता का?"

अधीनरावांनी तोंड उघडले. बायकोच्या हातात उलथणे होते, ते तसेच राहिले. 'अधीन' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलेला स्पष्ट दिसत होता. पण कशाच्या अधीन, हे त्यांना आठवेना. पेढी नव्हती, हंगाम नव्हता, योजना साहेबांच्या खणात होती.

"येतो," ते म्हणाले.

मुलीने पुढे येऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बालवाडीतल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या होत्या. अधीनराव त्यांतल्या एकीवर बसले की त्यांचे गुडघे कानांशी बोलत. तिथे खेळण्यांचे एक निळे कपाट होते आणि त्याचे एक दार खालच्या बाजूने सुटून लोंबत होते. मुलांना त्याची सवय झाली होती. ती दार दोन्ही हातांनी उचलत आणि खेळणी काढत. अधीनरावांनी पहिल्या दिवशी ते पाहिले आणि संध्याकाळी वहीत लिहिले, की दार एकाच बिजागरीवर आहे, व्यवस्थापनाने लक्ष घालावे. दुसऱ्या दिवशी लिहिले, की काल निदर्शनास आणूनही कार्यवाही झालेली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वही बाईंपुढे ठेवली. बाई कुणाचे तरी नाक पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "व्यवस्थापन कोण म्हणजे? तुम्हीच की."

अधीनराव कपाटापाशी जाऊन उभे राहिले. खिशात हात घातला. तिथे व्यवस्थापन नव्हते, बिजागरी होती. त्यांनी शेजारच्या दुकानातून स्क्रू आणि पेचकस आणला, जमिनीवर बैठक मारली आणि ती बसवायला घेतली. पहिल्यांदा उलटी बसली. दुसऱ्यांदा एक स्क्रू आडवा गेला. मुले भोवती गोळा झाली. कुणी सल्ला दिला नाही, कारण ती अजून परीक्षा पास झालेली नव्हती. तिसऱ्यांदा बसली. ती किंचित वाकडी होती, आणि कपाटाची चौकटही नेमकी तेवढीच वाकडी निघाली. दार मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

अधीनरावांनी सवयीने कानावरची हिरवी पेन्सिल काढली आणि खूण कुठे करायची ते शोधू लागले. कुठे जागा दिसेना. एका मुलीने ती त्यांच्या हातातून घेतली आणि भिंतीवर गवत काढले.

(अधीनराव अजून तिथेच आहेत. बायकोच्या कारखान्याचा ताळेबंद ते तपासत नाहीत. तिच्या हातचा चहा मात्र नुसताच चांगला आहे असे म्हणतात. रविवारी ते घरी आढळतात. मुलीने नमुना तपासणी बंद केलेली नाही.)

या प्रकाराचा कुणी धडा म्हणून उपयोग करू नये. ही एक अपवादात्मक नोंद आहे. इतक्या बेशिस्तीने माणूस सुखी झाल्याची उदाहरणे थोडी आहेत आणि तीही नीट तपासलेली नाहीत. वाचकांसारख्या विचारी माणसांनी आपापल्या जागी राहूनच हसणे योग्य.

तरीही प्रथेप्रमाणे एक गोष्ट कळवायची राहिली. आमच्या नोंदीनुसार, ही कथा वाचणाऱ्या आपल्याकडेही कुठल्याशा खणात अशीच एक योजना आहे. ती यंदाही तारीख बदलून पुढे आणलेली आहे. आणि हंगाम संपला की आपण ती हाती घेणार आहात. यात काही चुकीचे असल्यास कळवावे. उत्तर न आल्यास आपण सहमत आहात असे धरले जाईल.